रंगाखालची भिंत

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांचा भिंतींशी एक निराळा परिचय असतो. दर तीन-चार वर्षांनी नवे गाव, नवे क्वार्टर, आणि त्या क्वार्टरच्या भिंतींवर आधीच्या बिऱ्हाडाने मागे ठेवलेल्या खुणा. कोठे कॅलेंडरचा खिळा, कोठे समईची काजळी, कोठे डोके टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. बांधकाम खात्याची माणसे येतात, चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा एक हात देतात, आणि आपण त्यावर आपले कॅलेंडर टांगतो. खालच्या थरात काय आहे याची चौकशी करण्याइतका मुक्काम कोणाचाच नसतो.

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी दिल्लीतच राहावयाचे ठरवले आणि द्वारकेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत, दोन मालकांच्या हातून आलेले एक घर विकत घेतले. वाचकांनी येथे सौराष्ट्रातील श्रीकृष्णाची नगरी मनात आणू नये. ही द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्येस, पालमच्या पलीकडे, दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली. कागदोपत्री तिचे जुने नाव पप्पनकलां. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात येथे सहकारी संस्थांच्या इमारती उठू लागल्या, आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रोची गाडी येथवर आली तेव्हा कोठे या वस्तीला दिल्लीत असल्याचा विश्वास वाटू लागला. नाही म्हणावयास सेक्टर १२ मध्ये लोदी काळातील म्हणून सांगितली जाणारी एक बारव आहे. बाकी सारे आमच्याहून वयाने लहान. अशा गावी इतिहास शोधावयास कोणी जात नाही, आणि मीही गेलो नव्हतो. तोच आमच्या दिवाणखान्यात येऊन उभा राहिला.

दिवाणखान्याची मोठी भिंत अठरा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच आहे. घर घेतले त्या वेळी ती फिकट पिवळ्या रंगात गुळगुळीत दिसत होती. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर फुगे आले. एक फुगा बोटाने दाबला तेव्हा आतून कागदाची कुरकुर ऐकू आली. नखाने कड उचलली, तर रंगाखाली फुलापानांचा कागद निघाला. मागच्या कोणी तरी भिंतीला वॉलपेपर लावला होता आणि त्यानंतरच्याने तो न काढता त्यावर सरळ रंग फासला होता. रंगारी म्हणाला, “साहब, एक कोट और मार देते हैं, कुछ नहीं दिखेगा.” हिने मात्र माझ्याकडे पाहून विचारले, “अहो, भिंत दुरुस्त करायची आहे की नुसती झाकायची, एवढे आधी ठरवा.”

हा प्रश्न दिसतो तितका घरगुती नाही. भिंतीवरील जुना थर काढावा, ठेवावा, की त्यावर नवा चढवावा, हा पेच मोठमोठ्या वास्तूंपुढे पडलेला आहे आणि त्यात शहाण्यासुरत्या माणसांचे हातही पोळले आहेत. तेव्हा रंगाऱ्याला आठ दिवस थांबावयास सांगून मी थोडे वाचन केले. त्याचा हा गोषवारा.

प्रथम कागदाविषयी. आपल्याकडे भिंतीला कागद लावण्याची चाल कधी नव्हती. मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा, चिरेबंदी वाड्याला चुन्याचा गिलावा, आणि दिवाळीच्या तोंडावर चिमूटभर नीळ घातलेली सफेदी. ज्यांना ऐपत होती त्यांनी ओल्या-सुक्या चुन्यावर चित्रे काढविली. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात अशी चित्रे आजही पाहावयास मिळतात. चुन्याचा गुण असा की तो श्वास घेतो. आतील ओल त्यातून बाहेर पडते, वरचा थर भुकटी होऊन गळतो आणि दरवर्षी नवा चढतो. कागदाला आमचे हवामानच मानवले नाही. पावसाळ्यात खळ सुटते, खळीच्या वासाने कसर येते, आणि कसरीने सोडलेले वाळवी खाते. म्हणूनच येथे येणाऱ्या इंग्रजांनीही आपल्या बंगल्यांच्या भिंती बहुधा चुन्यानेच रंगविल्या.

चीनमध्ये हाताने रंगविलेले कागद सतराव्या-अठराव्या शतकांत जहाजांनी युरोपात गेले आणि श्रीमंतांच्या दालनांत चढले. त्याच सुमारास हिंदुस्थानची छिटेही तेथे भिंतींवर टांगली जात होती. छिटांवर बंदी घालणारे कायदे इंग्लंडने १७०० व १७२१ साली केले, पण त्यांवरील वेलबुट्टी छापील कागदांनी उचललीच. कागद लोकप्रिय झाला तसे सरकारचे लक्ष त्याकडे गेले, हे वाचून आमच्या वाचकांना नवल वाटणार नाही. १७१२ मध्ये राणी अॅनच्या राजवटीत छापील व रंगीत भिंतकागदावर चौरस वारास एक पेनी कर बसला. लोकांनी पळवाट काढली: साधा कागद विकत घ्यावयाचा, भिंतीला चिकटवावयाचा आणि मग त्यावर घरीच नक्षी उमटवावयाची. करवसुलीचा शिक्का बनावट करणाऱ्यास १८०६ मध्ये देहान्त शासनाची तरतूद झाली. अखेर १८३६ मध्ये कर उठला, पुढे तीनचार वर्षांत यंत्राने छपाई सुरू झाली आणि कागद मध्यमवर्गाच्या घरी पोहोचला.

या इतिहासात आपल्या देशाचे एक गमतीदार दर्शन घडते. आल्सास प्रांतातील झुबेर यांच्या कारखान्याने १८०७ च्या सुमारास ‘हिंदुस्थान’ नावाचा एक दृश्यपट छापला. डॅनियल काका-पुतण्यांनी येथे हिंडून काढलेली चित्रे त्यास आधार होती. हजाराहून अधिक लाकडी ठसे वापरून वीस पट्ट्यांत हे दृश्य जुळविलेले असे. म्हणजे ज्या देशाच्या भिंतीवर कागद टिकत नव्हता, तोच देश कागद होऊन युरोपातील भिंतींवर चढला होता.

या कागदाचे एक काळे पानही आहे. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले याने १७७५ मध्ये एक सुंदर हिरवा रंग सिद्ध केला. त्यात सोमल होता. एकोणिसाव्या शतकात हा आणि याच जातीचे दुसरे हिरवे रंग कागदांवर सर्रास छापले गेले. ओलसर खोल्यांत राहणारी माणसे आजारी पडू लागली. अशा रंगावर वाढणारी बुरशी विषारी वायू सोडते हे शतकाच्या अखेरीस गोसियो या इटालियन संशोधकाने दाखविले. वरून वेलबुट्टी, आत ओल, आणि दोहोंच्या संगनमताने विष, असा तो प्रकार होता. आपल्याकडे आज सोमलाची भीती नाही, शिशाची आहे. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. तेव्हा त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर करणे, विशेषतः घरात लहान मुले असता, शहाणपणाचे नव्हे.

आता थर चढविण्या-उतरविण्याच्या पेचाकडे वळू. येथे मला तीन भिंती आठवल्या. त्यांतील एक तर भिंतही नव्हे, छत आहे. तिन्हींशी मराठी माणसाचा संबंध आहे.

पहिली अजिंठ्याची. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ही लेणी पडली. रॉबर्ट गिलने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे खपून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे राबले. चित्रे नीट दिसावीत म्हणून त्या काळी त्यांवर व्हार्निश चढविले गेले. पुढे लेणी ज्यांच्या राज्यात होती त्या निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागच्या जागी बसविला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला. काही वर्षांतच तो पिवळा पडला, धुरकट झाला, आणि मूळ रंग त्याआड गेले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तो लेप इंचाइंचाने उतरवावा लागला. अजिंठ्याच्या चित्रांखाली माती, भुसा व तंतू यांचा गिलावा आहे आणि रंग कोरड्या पृष्ठावर दिलेले आहेत, म्हणून पाण्याचा बोळा फिरविण्याचीही तेथे सोय नाही. लेप देणारे वैरी नव्हते. त्या भिंतीवर त्यांचे प्रेम होते. पण प्रेमाने चढविलेला थरही भिंतीच्या प्रकृतीशी जुळला नाही तर तिला बाधतो.

दुसरी भिंत तंजावरची. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० मध्ये पुरे झाले. गाभाऱ्याभोवतालच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायक राजांच्या काळातील चित्रे होती. १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना, जेथे वरचा गिलावा निखळला होता तेथे, खाली दुसरी चित्रे दिसली. ती चोळांच्या काळची, म्हणजे वरच्यांहून सुमारे सहाशे वर्षांनी जुनी. आता काय करावे? जुने अधिक मोलाचे म्हणून नवे खरवडावे, तर तेही तीनशे वर्षांचे. पुरातत्त्व खात्याने पुढे वरचा थर अखंड सोडवून घेतला, वेगळ्या पाठीवर बसविला आणि खालचा उघडा केला. दोन्ही राहिले. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला आहे. मायदेशापासून इतक्या दूर, देवनागरी अक्षरांच्या त्या ओळींपुढे मी एकदा उभा राहिलो होतो, तेव्हा ऊर भरून आला होता. आज असेही मनात येते की ज्यांनी आपला लेख कोरला त्यांनी त्यासाठी कोणाचे चित्र पुसले नाही.

तिसरी आठवण इतकी सुखाची नाही. द्वारकेहून मेट्रोने तास-दीड तासात लाल किल्ला गाठता येतो. तेथील दिवाण-इ-खासचे छत एके काळी चांदीने मढविलेले होते. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि फौजेच्या खर्चासाठी ती चांदी उतरवून तिची नाणी पाडविली. भाऊंची निकड खोटी नव्हती. लाखाच्या फौजेचे पोट परमुलखात भरावयाचे होते आणि पुण्याहून पैसा येत नव्हता. परंतु चांदी काही दिवसांत खर्च झाली, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, आणि छत उघडे पडले ते पडलेच. आज दिसणारी रंगसजावट १९११ च्या दरबाराच्या वेळची आहे. १८५७ नंतर इंग्रजी फौज किल्ल्यात राहिली तेव्हा तर कित्येक इमारती पाडल्या गेल्या आणि उरलेल्यांवर चुना फिरला. अलीकडे छत्ता चौकाच्या छतावरील चुन्या-रंगाचे थर काळजीपूर्वक उतरविताना खाली जुनी मोगली नक्षी सापडली. म्हणजे पलटणीच्या चुन्याने जे झाकले ते निदान राहिले. निकडीने जे उतरविले ते गेले.

या तीन उदाहरणांवरून मी माझ्यापुरते एवढे ठरविले: आधी भिंत पाहावी, मग हात लावावा. जे परत करता येत नाही ते घाईने करू नये. आणि केले ते लिहून ठेवावे.

रंगारी मुकाट्याने आमचे ऐकू लागला, बहुधा करमणूक म्हणून. प्रथम बोटांच्या पेरांनी सारी भिंत ठोकून पाहिली. वरच्या भागात आवाज भरीव येत होता, खालच्या तीन फुटांत पोकळ. मग खालच्या भागात थोडा कागद काढून उघड्या गिलाव्यावर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केले. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूस, भिंतीकडे, जमले होते. खोलीकडच्या बाजूस जमते तर तो हवेचा दोष ठरला असता. ओल भिंतीतच होती. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, आणि नळाचा एक जोड तेथे कित्येक वर्षे थेंबथेंब पाझरत होता. द्वारकेत सुरुवातीच्या काळी अनेक संस्थांना बोअरवेलच्या खाऱ्या पाण्यावर दिवस काढावे लागले. असल्या पाण्यातला क्षार गिलाव्यात मुरतो आणि ओल मिळताच लोणा होऊन बाहेर फुटतो. चुन्याच्या भिंतीवर तो पहिल्याच वर्षी दिसला असता. येथे कागदाने तो झाकला, आणि कागद फुगला तेव्हा रंगाने कागद झाकला.

भिंत सर्वत्र कोरडी आणि कागद घट्ट असता, तर तो तसाच ठेवण्यातही कमीपणा नव्हता. फुगे कापून चिकटवावेत, तेलातील प्राइमरचा हात द्यावा, कारण पाण्यातल्या प्राइमरने जुनी खळ पुन्हा जागी होते, आणि वर लांबी भरून रंग द्यावा. पण ओल्या भिंतीवर हा उपाय म्हणजे गळवावर मलमपट्टी. आम्ही नळ दुरुस्त केला आणि कागद काढावयास घेतला. रंग पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून आधी तो ओला ठेवून, नाकातोंडाला फडके बांधून, जाड पॉलिशकागदाने हलकेच ओरखडावा लागला. विजेची बटणे बंद केली. कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून स्पंजाने दोन-तीन हात भिजविले, पंधरा-वीस मिनिटे थांबलो, आणि रुंद पात्याने खालून वर सोलत गेलो. वरचे प्लास्टिकचे कातडे आधी निघते, पाठीचा पातळ कागद मागे राहतो. तो पुन्हा भिजवावा लागतो. पाणी फार झाले तर गिलावा फुगतो, कमी झाले तर पाते रुतते. शेवटी खळ स्वच्छ पुसून घ्यावी लागते, नाही तर नवा रंग तडकतो. या कामाला आम्हा तिघांना सहा दिवस लागले.

चौथ्या दिवशी, कागद निघालेल्या कोरड्या भागात, गिलाव्यावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसले: १८ गुणिले साडेनऊ, ११ पट्टे, ४ रोल, आणि खाली २००६. कोणा कारागिराने कागद लावण्यापूर्वी केलेला हिशेब. मी पडताळून पाहिला. एकवीस इंच रुंदीचे अकरा पट्टे, तेहतीस फुटी रोलात तीन पट्टे, म्हणजे चार रोल. हिशेब बिनचूक होता. पण खाली, जेथे लोणा फुटला होता, तेथे सिमेंटचा एक ठिगळ दिसला. म्हणजे ओल त्या वेळीही होती, आणि कागद लावविणाऱ्यास ती ठाऊक होती.

क्षणभर मला त्या अनोळखी गृहस्थाचा राग आला. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि राग गिळावा लागला. नोकरीच्या मधल्या काळात एका गावी आमच्या क्वार्टरच्या निजावयाच्या खोलीत अशीच ओल होती. तक्रार करावी तर अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी, आणि माझी बदली तर महिन्यावर आलेली. ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात मी पदरचे पैसे खर्चून त्या भिंतीला दोन हात रंग दिला आणि पुढे कपाट सरकवून ठेवले. माझ्यामागून येणाऱ्या सहकाऱ्याच्या पत्नीला दम्याचा विकार होता, हे मला मागाहून कळले. त्या विकाराचा आणि भिंतीचा संबंध असेल किंवा नसेलही. मी कधी विचारले नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नव्हती. त्या संध्याकाळी हिला सांगितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “आता ही तरी नीट वाळू द्या.”

बदलीच्या नोकरीत माणूस झाकावयास शिकतो. भिंतीचेच नव्हे, फायलींचेही तसेच. आपल्या कारकिर्दीत फुगा फुटू नये एवढे पाहावयाचे आणि पुढच्याच्या हाती गुळगुळीत पृष्ठ द्यावयाचे. तीन वर्षांच्या मुक्कामाला तेवढे पुरते. पण भिंत तीन वर्षांची नसते, आणि तिच्या आड राहणारी माणसेही नसतात.

आमची भिंत या वर्षी उघडी आहे. दिल्लीच्या पावसाळ्यात ती वाळणार नाही, म्हणून रंगाऱ्याला दसऱ्यानंतर यावयास सांगितले आहे. पेन्सिलीच्या हिशेबाची जागा वहीएवढी मोकळी ठेवून तिच्याभोवती रंग द्यावा असे ठरले, आणि तिच्यापुढे आमचे पुस्तकांचे कपाट येईल. मी एका कागदावर सारे लिहून काढले आहे: नळाचा जोड कोठे आहे, ओल कोठवर चढली होती, कोणता थर कधी काढला, खाली काय निघाले. तो कागद घराच्या दस्तऐवजांत, वीजबिलांच्या वर ठेवला आहे, म्हणजे पुढच्या मालकाच्या हाती तो आधी लागेल.

पाहुणे येतात, भिंतीकडे पाहतात आणि संकोचाने विचारतात, काम अर्धवट का राहिले? आम्ही सांगतो, राहिलेले नाही, भिंत वाळते आहे.